साखर पेठेचा सुभा

आपल्या राजावर उलटलेला असा एकही सुभेदार या पृथ्वीतलावर होऊन गेला नसेल, ज्याची लढाई आमच्या आतोबांनी जेवणाच्या पानात पुन्हा लढवली नाही. आतोबा म्हणजे माझ्या सख्ख्या आत्याचे यजमान. त्यांच्याच शाळेत मास्तरकीच्या नोकरीसाठी सोलापुरात त्यांच्याकडे राहायला गेलो, त्या पहिल्याच दिवशी पाटावर बसता बसता त्यांनी मला विचारलं, "तुला कोण आवडतो? राजधानीवर चालून जाणारा, की जागच्या जागी बसून खंडणी बंद करणारा?" मला वाटलं, हे घरातल्या कुठल्या तरी भाऊबंदकीबद्दल चाललंय. मी सावधपणे म्हणालो, "दोघंही आपापल्या जागी बरोबरच असतील." "म्हणजे तू काहीच वाचलेलं नाहीस," असं ते अतिशय आनंदानं म्हणाले आणि त्यांनी पानात साम्राज्य मांडायला घेतलं. भाकरी म्हणजे मुलूख. पानात वर बसलेली, आंबट तोंडाची आणि पिळल्याशिवाय काही न देणारी लिंबाची फोड म्हणजे राजा. आणि भाकरीच्या पार दुसऱ्या टोकाला शेंगाचटणीचा जो लालभडक ढीग, तो सुभेदार. आत्या कढीची वाटी घेऊन उभीच. "कढी कुठं वाढू?" तिनं विचारलं. आतोबांनी आडवा हात घातला. "थांब, तिथून सैन्य जायचंय!" त्या दिवशी सैन्य गेलं, परत आलं, लिंबू पिळून निघालं, आणि भाकरीचं लाकूड झालं. आत्यानं मला हळूच दुसरी गरम भाकरी वाढली. त्यांच्याकडे जेवायचं असेल तर लढाईकडे कान ठेवायचे आणि हात चालू ठेवायचा, हे मी त्याच दिवशी शिकलो.

या सुभेदारांची खरी नावं आतोबा कधी उच्चारत नसत. त्यातली बरीचशी ग्रीक आणि इराणी, ती उच्चारताना त्यांची कवळी सुटायची. म्हणून त्यांनी सगळ्यांना आपल्या रीतीप्रमाणे आडनावं देऊन टाकली होती. आपल्याकडे बार्शीकर असतात, मैंदर्गीकर असतात, तसे त्यांच्याकडे बल्खकर होते, मगधकर होते. इराणच्या डोंगराळ मुलखातले एक होते, ते डोंगरकर. घरात नव्यानं आलेल्या माणसाची फार पंचाईत व्हायची. "बल्खकरांनी फार धोरणानं घेतलं हो, डोंगरकर मात्र घाईत गेले," असं आतोबा हळहळून म्हणाले, की शेजारच्या काकू पदर सावरून विचारत, "कधी गेले? मला कसं कळलं नाही?" मगधकरांवर आतोबांचा जरा राग होता. त्यांनी म्हणे राजाला सैन्याची कवायत बघायला बोलावलं आणि भर कवायतीत त्याचा निकाल लावला. "हा काय बंडाचा प्रकार झाला? बोलावून आणलेल्या पाहुण्याला!" आतोबा म्हणत. "शिवाय त्यांच्याकडे सुभा कुठला? राजधानीतच बसून होते. त्यांना मी आपल्यात धरत नाही. जेवणापुरतं बोलावतो इतकंच."

सगळ्यांत जवळचे ते मंगळवेढेकर. बिदरकडच्या कल्याणचं मोठं राज्य होतं, त्याचे हे सेनापती. मंगळवेढ्याला बसून मुलूख सांभाळायचे, आणि एक दिवस धनी दुबळा झालेला बघून सगळं राज्यच गिळून बसले. आपल्या जिल्ह्यात एवढा मोठा बंडखोर निघाला, याचा आतोबांना एखाद्याचा भाचा कलेक्टर व्हावा तसा अभिमान होता. एकदा ते मला मंगळवेढ्याला घेऊनही गेले. उन्हातान्हात सबंध गावाभोवती हिंडवलं आणि शेवटी ज्वारीच्या रानात उभ्या असलेल्या एका शेतकऱ्याला त्यांनी विचारलं, "अहो, इथं राजवाडा कुठं होता हो?" "राजवाडा काय आमी बगितला न्हाय," तो म्हणाला, "पर ज्वारी लई झ्याक हाय की. न्यायची का?" आतोबांनी ती ज्वारी डोक्यावरून सोलापूरला आणली. पुढं महिनाभर आम्ही ज्या भाकऱ्या खाल्ल्या, त्या साध्या भाकऱ्या नव्हत्या, त्या मंगळवेढेकरांकडून आलेल्या होत्या. "माणूस सज्जन," घास मोडता मोडता आतोबा म्हणत, "पण मुलांच्या बाबतीत कमनशिबी. बापानं मिळवलं ते पोरांना राखता आलं नाही." आणि खरोखर, असं म्हणताना त्यांचा चेहरा सांत्वनाला गेल्यासारखा व्हायचा.

दूध उतू गेलं तर आतोबांच्या लेखी सुभा हातचा जायचा. वहाणेचा अंगठा तुटला, की वहाण उलटली. आत्याला ते म्हणत, "स्वयंपाकघर हा तुझा सुभा. मी आपला नावाचा बादशहा." त्यावर आत्या म्हणायची, "बादशहांनी दोन घागरी पाणी आणून ठेवलं तर सुभा शांत राहील." आणि बादशहा मुकाट्यानं घागर उचलून आडाकडे जायचे. सबंध आयुष्यात त्यांनी कुणाला वर मान करून उत्तर दिलेलं आत्यानं पाहिलं नव्हतं. भाजीवालीनं सडकं वांगं घातलं तरी ते घरी आणून, "हे आतून उलटलेलं निघालं," एवढंच म्हणायचे. जगातल्या यच्चयावत बंडखोरांचा हा भक्त स्वतः इतका आज्ञाधारक होता, की पिंपळाखालून जाताना पिंपळालाही नमस्कार करून वाट मागावी.

आणि त्यातही एक माणूस असा होता, की ज्याच्या आज्ञेबाहेर जाण्याचा विचारही आतोबांना स्वप्नात आला नसता. ते म्हणजे आमच्या शाळेचे थोरले हेडमास्तर. तरुणपणी या दोघांनी मिळून एका भाड्याच्या माडीवर ती शाळा काढली. दोघांनी मिळून तिची जमीन सारवली, घरोघर फिरून मुलं गोळा केली. पुढं शाळा वाढली, नव्या पेठेत तिची दगडी इमारत झाली, एक हेडमास्तर झाला आणि दुसरा इतिहास शिकवीत राहिला. त्याचं आतोबांना तिळमात्र वाईट वाटलं नाही. "राज्य करायला त्याचाच आवाज हवा," ते म्हणत. हेडमास्तरांना एकेरी हाक मारू शकणारा सोलापुरातला आतोबा हा एकच माणूस उरला होता, आणि तेही वर्षातून एकदा, दसऱ्याला. त्या संध्याकाळी आपट्याचं पहिलं पान घेऊन ते हेडमास्तरांच्या घरी जायचे, त्यांच्या हातात ठेवून म्हणायचे, "घे तुझी खंडणी." बाकी वर्षभर 'साहेब'.

शाळेची एक शाखा साखर पेठेत काढायची ठरली तेव्हा तिकडे जायला कुणी तयार होईना. साखर पेठ म्हणजे विणकरांची वस्ती. गल्ल्यागल्ल्यांतून दिवसभर हातमागांची खटखट, रस्त्यावर ताणलेलं सूत, रंगाच्या पाण्याचे ओहोळ, आणि बोलणं सगळं तेलुगू. हेडमास्तरांनी आतोबांना पाठवलं. मला त्यांच्या हाताखाली दुय्यम मास्तर म्हणून दिलं. नव्या पेठेपासून ही जागा चालत जेमतेम एका मैलावर. पण त्या दिवशी आतोबा घरातून निघाले ते एखाद्या क्षत्रपानं हिंदुकुश ओलांडायला निघावं तसे. आत्यानं हातावर दही घातलं. मला ते म्हणाले, "नायब, चला. सुभा वाट बघतोय." त्या दिवसापासून मी त्यांचा नायब.

सुभा म्हणजे नरसव्वाबाईंच्या मागशाळेची अर्धी पडवी. नरसव्वा ही त्या गल्लीतली दांडगी बाई. नवरा गेल्यावर तिनं सगळे माग स्वतः चालवले होते आणि सबंध गल्ली तिच्या शब्दात होती. मधे एक गोणपाटाचा पडदा. पलीकडे माग, अलीकडे शाळा. मुलं सगळी विणकरांची. पण सकाळी शाळा भरवली की एकही मूल यायचं नाही, कारण सकाळी घरातल्या पोरांनी कांड्या भरून दिल्या नाहीत, म्हणजे त्या लहान नळ्यांवर सूत गुंडाळून दिलं नाही, तर बापाच्या मागावरचा धोटा रिकामा राहतो. आतोबांनी आठवडाभर हे पाहिलं आणि घड्याळ काढून कोनाड्यात ठेवून दिलं. पोरांच्या कांड्या संपल्या, की पडद्यापलीकडून नरसव्वा ओरडायची, "पंतुलु! झालं बगा!" पंतुलु म्हणजे तेलुगूत मास्तर. ही हाक आली की आतोबा घंटा वाजवायचे. मंगळवारी बाजाराला घरंच्या घरं जायची, म्हणून सुट्टी मंगळवारची; रविवारी शाळा चालू. पुढंपुढं तर ज्या पोराच्या कांड्या मागं राहिल्या असतील त्यानं चाक घेऊन वर्गातच बसावं, असं ठरलं. हातानं चाक फिरवायचं आणि तोंडानं पाढे म्हणायचे. त्या चाकांच्या घरघरीत म्हटलेले पाढे मी अजून विसरलो नाही, आणि ती पोरंही विसरली नसतील.

इतिहास मात्र आतोबांनी आपल्या पद्धतीनं शिकवला. मुलांना राजांची नावं येईनात, पण कोण कधी कुणावर आणि का उलटला, हे पाठ. एकदा डेप्युटीसाहेब तपासणीला आले. त्यांनी एका मुलाला विचारलं, "मगधाचा राजा कोण?" मुलगा उभा राहिला, हात बांधले आणि अदबीनं म्हणाला, "जो उलटला त्याचं सांगू, का ज्याच्यावर उलटला त्याचं?" डेप्युटीसाहेबांनी शेरा काय लिहिला कोण जाणे, पण तो थोरल्या शाळेत जाऊन पोचला. मंगळवारच्या सुट्टीची बातमीही पोचली. हेडमास्तर सगळ्यांसमक्ष म्हणाले म्हणे, "शाळा घड्याळावर चालते, मागावर नाही."

आणि एक दिवस ज्येष्ठ महिन्यात थोरल्या शाळेचा शिपाई घाम पुसत पडवीच्या दाराशी येऊन उभा राहिला. "मास्तर, थोरल्या सायबांचा निरोप हाय," तो खाली बघत म्हणाला. "ही शाळा बंद करायची. बाकं, फळा, घंटा, समदं तिकडं न्यायचं. आन् ज्या पोराला शिकायचं आसंल त्यानं अकराच्या घंटंला तिकडं यायचं." चाकं घरघरत होती ती थांबली. अकराच्या घंटेला तिकडं एकही पोर जाणार नाही, हे आतोबांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि सगळ्यांत जास्त त्या पोरांना ठाऊक होतं. शाळा बंद म्हणजे जन्मभर कांड्या. आतोबांनी उपरणं सारखं केलं आणि म्हणाले, "साहेबांना सांगा, हुकूम शिरसावंद्य आहे." शिपाई गेला. आतोबा फळ्याकडे वळले आणि पुढचं गणित घातलं.

त्या रात्री पानात जी लढाई झाली ती मी कधीच विसरणार नाही, कारण ती पहिलीच अशी, की जी मागं होऊन गेलेली नव्हती. एकेका सुभेदाराला आतोबांनी चटणीच्या ढिगाच्या जागी बसवून पाहिलं. मंगळवेढेकरांसारखं राजधानीवर चालून जायचं? "राज्य मिळेल, पण ते घेऊन करू काय? मला त्याच्या खुर्चीवर बसायचं नाही." डोंगरकर? डोंगरकरांनी राजानं पाठवलेले सगळे सरदार एकामागून एक हरवले होते. शेवटी राजा स्वतः आला, आणि राजाचं तोंड दिसताच डोंगरकरांची अख्खी डावी फळी हत्यारं खाली ठेवून त्याच्याकडे निघून गेली. आतोबांचा हात भाकरीवर थांबला. "नायब, जगातलं कुठलंही बंड सरदार आल्यानं मोडत नाही. राजा आल्यानं मोडतं." मग ते एकदम हसले. "राहिले बल्खकर." बल्खकर हे हिंदुकुशाच्या पार पलीकडे, राजधानीपासून फार लांब. त्यांनी भांडण काढलं नाही, दूत हाकलले नाहीत. नाण्यावर राजाचंच नाव ठेवलं, आणि चेहरा हळूच आपला छापला. राजाला वाटलं, आपलंच राज्य चाललंय. "पण आतोबा," मी म्हणालो, "बल्ख लांब होतं. साखर पेठ एका मैलावर आहे." आतोबांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "शाखा निघाल्यापासून हेडमास्तर कधी साखर पेठेत आलाय?" कधीच नाही. "मग बल्ख जवळ आहे," आतोबा म्हणाले, आणि त्यांनी आणखी चटणी मागितली.

दुसऱ्या दिवसापासून साखर पेठेत बल्खकरांचं राज्य सुरू झालं. आतोबांनी हेडमास्तरांची तसबीर आणून पडवीत दर्शनी लावली. रोज तिला हार, रोज प्रार्थना तिच्यापुढं. शिपाई आला की त्याला चहा, भडंग, आणि "हुकूम शिरसावंद्य." शिपाई दुसऱ्यांदा आला तेव्हा हार झेंडूचा होता, तिसऱ्यांदा आला तेव्हा निशिगंधाचा. जसजसा हुकूम कडक होत गेला तसतसा हार जाड होत गेला. शेवटी शेवटी तर तसबिरीतल्या हेडमास्तरांचे नुसते डोळे दिसायचे. शाळा मात्र एक दिवस बंद पडली नाही. आतोबांच्या चालण्यातच फरक पडला. भाजीवालीनं सडकं वांगं घातलं तर त्यांनी ते तिच्या पाटीत परत ठेवलं आणि दुसरं उचललं! आत्या दारातून बघत होती. "ह्यांना झालंय तरी काय?" तिनं मला विचारलं, पण ती खुशीत होती. फक्त मधूनच, जेवताना, आतोबा लिंबाच्या फोडीकडे बघत गप्प बसायचे. पुस्तकातल्या एकाही सुभेदाराला राजाबरोबर जमीन सारवलेली आठवत नसणार. ह्यांना आठवत होती.

भाद्रपद सरता सरता एका दुपारी गल्लीच्या तोंडाशी टांगा थांबला. पाठोपाठ रिकामा हातगाडा. टांग्यातून लांब कोट, पगडी, छत्री, असे खुद्द थोरले हेडमास्तर उतरले. ही बातमी पोरांच्या आधी मागांना कळली. एकेका घरातली खटखट थांबत थांबत आमच्या पडवीपर्यंत आली, आणि पडद्यापलीकडचा नरसव्वाचा मागही थांबला. साखर पेठेत एवढी शांतता मी पूर्वी कधी ऐकली नव्हती. आतोबांच्या हातातला खडू मोडला. "राजा आला, नायब," ते पुटपुटले.

हेडमास्तर आत आले. आणि सगळी मुलं, आम्हीच शिकवल्याप्रमाणे, एकदम ताठ उभी राहिली, आणि एका आवाजात ओरडली, "नमस्ते, साहेब!" आतोबांचा चेहरा पडला. डावी फळी! हेडमास्तरांनी त्या निशिगंधाच्या हारातून बघणाऱ्या आपल्याच डोळ्यांकडे पाहिलं, मग आतोबांकडे पाहिलं. आवाज चढवला नाही. "मुलांनो," ते म्हणाले, "ही शाळा आजपासून बंद झाली आहे. बाकं, फळा, टेबल आणि घंटा गाडीवर नेऊन ठेवा."

आणि मुलांनी बाकं उचलली! एकानंही का म्हणून विचारलं नाही. दोघंदोघं मिळून एकेक बाक बाहेर काढायला लागली. फळा गेला. टेबल गेलं. मधला एक चुणचुणीत पोरगा घंटा पोटाशी धरून घेऊन गेला आणि गाडीवर सांभाळून ठेवून आला. मी आतोबांकडे बघूही शकत नव्हतो. ते भिंतीला टेकून उभे होते आणि आपलंच सैन्य आपलंच राज्य खांद्यावरून घेऊन चाललेलं बघत होते. ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्यांची हार पानात मांडली, त्याच्यासमोर त्याची स्वतःची हार अशी बाकाबाकानं चालली होती. शेवटी उरली फक्त तसबीर. ती मुलांनी काढली नाही. ती कुणी सांगितली नव्हती.

पडवी रिकामी झाली. "शाब्बास," हेडमास्तर म्हणाले. "आता..." ते पुढं बोलणार, तोच मुलं परत आत आली. सगळी. आपापल्या जागेवर, जिथं आपलं बाक होतं बरोबर तिथंच, ओळीनं, मातीवर मांडी घालून बसली. ज्यांच्या कांड्या राहिल्या होत्या त्यांनी चाकं पुढं ओढली. आणि हात जोडून सगळी आतोबांकडे बघायला लागली, पुढचं गणित काय म्हणून.

हेडमास्तर म्हणाले, "शाळा बंद झाली, असं मी सांगितलं ना?" घंटा नेऊन ठेवणारा पोरगा उभा राहिला. त्याला उद्धटपणा ठाऊकच नव्हता. त्याला खरंच प्रश्न पडला होता. "साहेब, सांगितलं ते समदं नेऊन ठेवलं," तो म्हणाला. "आता पाढं म्हनू का?"

तेवढ्यात गोणपाटाचा पडदा बाजूला झाला आणि नरसव्वा बाहेर आली. काखेत सतरंजीची वळकटी. तिच्यामागं गल्लीतल्या बाया, कुणाकडे चादर, कुणाकडे पटकूर. त्यांनी पोरांना ओळीओळीनं उठवलं, खाली अंथरलं, परत बसवलं. मग नरसव्वा हेडमास्तरांसमोर येऊन उभी राहिली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, "सायेब, बाकं तुमची हुती. तुमी न्या. घंटा बी तुमची, न्या. पोरं आमची हायती, ती हितंच बसतेत. आन् पंतुलुगारू..." ती आतोबांकडे वळली. "तुमी कुनाचं हो?"

असा प्रश्न जगातल्या कुठल्याही सुभेदाराला कुणी विचारला नसेल. आतोबांनी भिंत सोडली. आयुष्यात पहिल्यांदा ते हेडमास्तरांच्या डोळ्याला डोळा भिडवून, सगळ्यांसमोर, एकेरीत बोलले. "तुझी नोकरी सोडली मी. तुला सोडलेलं नाही. पण शाळा हीच चालवणार." मग ते मुलांकडे वळले, आणि फळा नव्हता म्हणून भिंतीवरच मोडक्या खडूनं गणित घातलं. पाढ्यांचा असा काही कल्लोळ उठला, आणि त्यापाठोपाठ एकेक करत गल्लीतले माग असे काही सुरू झाले, की हेडमास्तर काही म्हणाले असतील तरी ते कुणाला ऐकू गेलं नसतं. बाकांचा गाडा पुढं आणि मागं टांगा, असे ते गेले. मीही त्याच दिवशी थोरल्या शाळेची नोकरी सोडली. नायबानं दुसरं काय करायचं?

घरी येऊन आत्याला हे सगळं मी तीनतीनदा सांगितलं. ती हसली, रडली, तिनं शिरा केला. "साऱ्या जगात," मी आतोबांना म्हणालो, "असं बंड कुणाचं झालं नसेल! सैन्यानं राजाचा शब्दन् शब्द पाळला आणि तरी सुभा राखला!" आतोबा शिऱ्याकडे बघत होते. "खरं आहे," ते म्हणाले. "बल्खकरांनाही सुचलं नसतं." पण त्यांनी लढाई मांडली नाही. शिरा तसाच टाकून ते अंगणात जाऊन बसले.

मग दसरा आला. शाळा आता झकास चालली होती. गल्लीनं वर्गणी काढून फळा केला होता, आणि घंटेऐवजी नरसव्वाची आरोळीच पुरत होती. पण सबंध दसरा आतोबांनी येरझारा घालण्यात घालवला. आत्यानं ताटात आपट्याची पानं ठेवली. पहिलं पान कुणाचं, हे ती विचारत नव्हती. "खंडणी भरली तर ती शरणागती झाली," आतोबा स्वतःशीच म्हणत. "आणि न भरावी तर..." हे वाक्य काही त्यांना पुरं करता येईना. दिवेलागणीला शेवटी त्यांनी उपरणं घेतलं, पानं घेतली आणि म्हणाले, "आधी पेठेत सोनं देऊन येऊ. मग बघू." आम्ही साखर पेठेत शिरलो. पोरं पायाशी, बाया दारात, सगळीकडे सोनं सोनं चाललेलं. आणि गल्लीच्या टोकाकडून नरसव्वा हातात कंदील घेऊन येत होती. तिच्यामागं, छत्रीला टेकत, कोटाला जागोजागी ओल्या सुताचा निळा रंग लागलेला, पायी पायी, एक वयस्क माणूस.

"पंतुलुगारू," नरसव्वा लांबूनच ओरडली, "ह्ये बगा की, तुमचं सायेब वाट चुकलं हुतं! दोनदा रंगाच्या खड्ड्याकडं गेलं हुतं!"

हेडमास्तर आतोबांसमोर येऊन उभे राहिले. त्यांना दम लागला होता. मुठीत आपट्याचं एक पान होतं, चालून चालून चुरगळलेलं. "फार लांब काढलीस रे शाळा," ते म्हणाले. मग हेडमास्तरांनी ते पान त्यांच्या हातात ठेवलं आणि म्हणाले, "या वर्षी खंडणी माझ्याकडून." दोघं म्हातारे त्या गल्लीत एकमेकांच्या गळ्यात पडून असे रडले, की पोरांना वाटलं कुणीतरी वारलं. हेडमास्तर पडवीत आले, सतरंजीवर मांडी घालून बसले, आपल्याच तसबिरीचा हार काढून त्यांनी तो आतोबांच्या गळ्यात घातला. "बाकं परत पाठवतो," ते म्हणाले. आतोबा डोळे पुसत म्हणाले, "नको. मांडीवर चाक घ्यायला सतरंजीच बरी."

त्या रात्री पानात लढाई झाली, मोठ्या थाटात झाली. आतोबांनी भाकरी मांडली, लिंबू वर ठेवलं, चटणीचा ढीग खाली ठेवला, आणि मग बोटानं लिंबाची फोड हळूहळू, सगळी भाकरी ओलांडून, चटणीच्या शेजारी आणून ठेवली. "ही चाल," ते म्हणाले, "एकाही पुस्तकात नाही." मग ते सावकाश, गरम गरम जेवले. आत्यानं सांगितलं, लग्न झाल्यापासून त्यांना गरम भाकरी खाताना ती पहिल्यांदा बघत होती.

आता आतोबा नाहीत, हेडमास्तर नाहीत. साखर पेठेतल्या शाळेला पक्की इमारत आहे, बाकं आहेत, आणि घड्याळही आहे. माझ्या पानात लिंबाची फोड आणि शेंगाचटणी शेजारी शेजारीच वाढायची, हे घरात सगळ्यांना माहीत झालंय. का, ते मी कुणाला सांगितलेलं नाही. सूनबाई कढीची वाटी घेऊन येते आणि विचारते, "मामंजी, कढी कुठं वाढू?" मी क्षणभर हात आडवा धरतो. मग लक्षात येतं, की आता तिथून कुठलंही सैन्य जायचं नाही, आणि मी हात मागं घेतो.